तीन फेऱ्या आणि कडता

माझा थोरला भाऊ तीन फेऱ्यांत एकही धड ठोसा न मारता हरला, हे खरे आहे. मी ते कधी नाकारलेले नाही. रिंगच्या दोरीला लागून मंडळाने सतरंजी अंथरली होती, तिच्यावर मी बसलो होतो आणि सगळे पाहिले होते. तरीही ती लढत जशी सांगितली जाते तशी झाली नाही. एवढेच मला म्हणायचे आहे, आणि तेवढे म्हणायला फार वर्षे लागली. लिहायला बसले की राग आधी कागदावर उतरे. राग वाचून कोणाचे मत बदलत नाही, म्हणून मी ते पान फाडून टाकी.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे. चिंचवड तेव्हा गावच होते. पलीकडे पिंपरीला निर्वासितांच्या बराकी होत्या आणि औषधांच्या मोठ्या कारखान्याच्या भिंती वर येत होत्या. आम्ही साताऱ्याकडचे. दादा लढाईच्या काळात पलटणीत हवालदार होता आणि तिथेच बॉक्सिंग शिकला. सुटून आल्यावर तो देहूरोडच्या लष्करी डेपोत फिटर म्हणून लागला. चिंचवडात दोन खोल्या घेऊन तो, वहिनी आणि मी राहत होतो. मी शाळेत मास्तर. दादाला मूल नव्हते. गावातली पाच-पंचवीस मुले मात्र रोज सकाळी नदीकाठच्या चिंचेखाली त्याची वाट पाहत. चिंचेच्या फांदीला भुसा भरलेले पोते टांगलेले असे. त्या पोत्यावर मुले ठोसे मारत आणि दादा हात पाठीमागे बांधून त्यांचे पाय बघत उभा राही. ठोसा पायातून येतो, हे त्याचे वेड होते. त्याच्या स्वतःच्या डाव्या हाताची ख्याती खडकीपर्यंत होती. "हवालदार डाव्यानं कडी काढतो आणि उजव्यानं दार ढकलतो," असे डेपोतले लोक म्हणत.

एका उन्हाळ्यात गावच्या व्यायाम मंडळाने ठरवले की जत्रेनंतर कुस्त्यांऐवजी बॉक्सिंगची एक मोठी लढत ठेवायची. दादासमोर उभा राहायला माणूस मिळाला तो महाळुंग्याच्या पुढच्या एका वाडीतला. कांदेवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, मूळचा जत्रेतला पैलवान. थोडा काळ सैन्यात राहून, तिथे हातमोजे घालायला शिकून, वडील वारल्यामुळे परत आलेला. दादापेक्षा तो पंधरा वर्षांनी तरी लहान असेल.

आमच्याकडे जत्रेत कुस्तीची जोड डोळ्यांनी लावतात. दोघांना शेजारी उभे करायचे, हात वर करून लोकांना दाखवायचे, आणि लोकांनी "जोड बरोबर हाय" म्हटले की झाले. मंडळातल्यांना इथेही तसेच करायचे होते. दादाच अडून बसला.

"वजनाशिवाय बॉक्सिंग म्हणजे मारामारी," तो म्हणाला. "ती मी रस्त्यात करीन. त्याला रिंग कशाला?"

तेव्हा वजनाची मर्यादा ठरली. दोघांनीही आदल्या संध्याकाळी तिच्या आत उतरायचे. मंडळाचे चिटणीस पुण्याचे होते, गृहस्थ सरळ. त्यांनी दादाचे वजन चिंचवडच्या दवाखान्यातल्या काट्यावर घेतले, आणि समोरचा थेट आपल्या वाडीहून येणार म्हणून त्याचे वजन चाकणला जाऊन घेतले. यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

दादा मर्यादेच्या बराच वर होता. रहाटणीच्या वाटेवर नदीला लागून वीटभट्ट्या होत्या. कामावरून आला की अंगावर घोंगडी घेऊन तो भर उन्हात तिथवर धावत जाई आणि पेटत्या भट्टीच्या आडोशाला बसून राही. शेवटी शेवटी त्याने पाणीही सोडले. वहिनीने तांब्या पुढे केला की चूळ भरायचा आणि थुंकून टाकायचा.

"एकादशी परवडली," वहिनी म्हणाली. "तिला पाणी तरी चालतं. हा कुठल्या देवाचा उपास?"

"काट्याचा," दादा म्हणाला. त्याचे ओठ फुटले होते. "उद्या काट्यावरून उतरलो की विहीर आटवतो बघ."

वजन उतरले. त्या रात्री तो पोटभर पाणी प्यायला, पण पाणी शरीरात लागायला वेळ हवा असतो. शरीर म्हणजे रांजण नव्हे. हे मला आज समजते. त्या वेळी मला एवढेच माहीत होते की बॉक्सर असेच करतात, आणि समोरच्यानेही असेच केले असेल.

लढतीला माणूस मावत नव्हता. बहुतेकांनी बॉक्सिंग कधी पाहिले नव्हते. ते सगळे कुस्तीचे डोळे घेऊन आले होते. दादाच्या कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन गावातला सायकलवाला उभा होता. हा मुसलमान मिस्त्री त्याचा पलटणीपासूनचा मित्र. पहिल्या फेरीत तो पोरगा खाली मान घालून सरळ आत शिरला आणि दादाच्या अंगावर रेलला. दादा मागे सरकून दोरीला टेकला. डावा हात निघाला, पण त्याच्या मागे पाय नव्हता. दुसऱ्या फेरीत पोटरीत गोळा आला असावा, कारण तो एका पायावर तोल धरून फिरत होता. मिस्त्री ओरडत होता, "हाथ चला, यार! हाथ!" तिसऱ्या फेरीत दादाने दोन्ही मोजे तोंडासमोर धरले आणि नुसता उभा राहिला. ठोसे पडत होते. खडकीहून आलेल्या पंचाने दोनदा विचारले, थांबवू का. दादाने मान हलवली, नाही.

लोकांचे आवाज मला अजून ऐकू येतात.

"अरं मार की!"

"हवालदार, निजलास काय?"

मग मागून कोणीतरी म्हणाले, "नुरा हाय ही. नुरा!" आणि तो शब्द एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गवताला आग लागावी तसा गेला.

नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती. दोघांनी संगनमत करायचे, लोकांना दाखवायला झटापट करायची आणि ठरल्याप्रमाणे एकाने हरायचे. आमच्या भागात पैलवानाला याहून मोठी शिवी नाही. आणि लोकांच्या बाजूने पाहिले तर त्यांचे चुकले कुठे, हेही मला सांगता येते. कुस्तीत हरलेला माणूस पाठीवर पडतो. पाठ मातीला लागली की संशय उरत नाही. दादा पडला नाही. पडला असता तर लोकांनी त्याला उचलून घरी आणले असते, हळद लावली असती आणि वय झाले म्हणून सोडून दिले असते. पण तो पडला नाही आणि त्याने मारलेही नाही. पाय उरले नव्हते तरी ताठ राहायचे, हा त्याचा शेवटचा अभिमान. नेमके तेच ताठ उभे राहणे लोकांनी पुरावा म्हणून धरले. ज्याला लागले नाही तोच असा उभा राहतो, असे ते म्हणाले.

त्याच महिन्यात वहिनीने शिवणाचे मशीन आणले. आपल्या माहेरच्या पाटल्या मोडून आणले, पण पाटल्या कोणी पाहिल्या नव्हत्या आणि मशीन सगळ्यांना दिसत होते. नळावर एक बाई हसत हसत म्हणाली, "मशीन चांगलं पाय मारतंय हो. मालकांपेक्षा बरं." वहिनीने घागर तशीच अर्धी भरून घरी आणली.

चिंचेखाली येणारी मुले हळूहळू कमी झाली. कोणी भांडून गेले नाही. एकाची परीक्षा आली, एकाची आजी आजारी पडली, एकाच्या बापाने नुसती मान फिरवली. शेवटी पोते एकटे लोंबत राहिले आणि दादाने ते उतरवून भुसा म्हशीच्या गोठ्यात दिला. मी म्हणालो, लोकांना सांगू या तू कसे वजन उतरवलेस ते. त्याने माझ्याकडे असे पाहिले की पुन्हा तो विषय काढायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली चाकणच्या शाळेत झाली. मी बाजाराच्या मागच्या बाजूला खोली घेऊन राहू लागलो, आठवड्याला चिंचवडला येई. कांद्याचा बाजार माझ्या दारात भरे. तीन लाकडांच्या घोडीला मोठा तराजू टांगलेला, एका पारड्यात गोणी, दुसऱ्यात वजने, आणि मधे मापाडी. पहिल्या मापाला तो 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. ती रीत होती. दुसरी एक रीत मला उशिरा कळली. गोणीचे जे वजन भरे त्यातून बारदानाचे, मातीचे, ओलीचे म्हणून काही शेर तो मनातल्या मनात वजा करी आणि उरलेला आकडा मोठ्याने पुकारी. वजा केलेले बोलून दाखवायचे नाही. ते शेतकऱ्याला माहीत असते, अडत्याला माहीत असते. याला कडता म्हणत.

एका बाजारच्या दिवशी मी हॉटेलच्या बाकावर चहा घेत होतो. समोर एक शेतकरी मापाड्याशी हुज्जत घालत होता.

"कडता जरा हलका धर की राव. कांदा खडखडीत सुका हाय."

"कांदा सुका असंल," मापाडी म्हणाला, "पर रीत वली-सुकी बघती व्हय? अरं, हितं माणूस तोलला तरी कडता कापलाय आपण. इचार त्या बॉक्शिंगवाल्या पैलवानाला."

सगळा बाजार हसला. ही जुनी, सगळ्यांची आवडती गोष्ट असावी, कारण ती पुरी सांगायची कोणाला गरज वाटली नाही. मी बाकावरून उठलो आणि विचारले, कधीची गोष्ट.

"अवं मास्तर, ते चिंचवडला बॉक्शिंग झालं न्हाई का, त्येचा आदला दिस," मापाडी म्हणाला. "पुण्याचं सायेब आलं, म्हनलं ह्येला तोला. बसवला पारड्यात गोनीवानी. माजी आपली सवय. तीन शेर कापून आकडा पुकारला. सायेबानं शेराचं पौंड केलं आन् लिवून घेतलं. मागनं पोरं हसून हसून लोळली."

"मग साहेबांना सांगितलं नाही?"

"त्येनी इचारलं कुटं? आन् तीन शेरानं पैलवान का हत्ती हुतोय?"

तो चेष्टेने बोलत होता. त्याच्या मनात काळेबेरे काही नव्हते, आणि ते पाहूनच मी अर्धा चहा बाकावर ठेवून निघालो. तीन शेर म्हणजे सहा पौंडांहून थोडे अधिक. दादाने साधारण तेवढेच भट्टीच्या आडोशाला स्वतःच्या अंगातून काढले होते. त्या रात्री मी ती लढत मनात पुन्हा पाहिली, आणि पहिल्यांदाच ती मला नीट दिसली. तो पोरगा आत शिरून रेलत होता, कारण रेलायला त्याच्याकडे वजन होते. दादा दोरीला टेकत होता, कारण दुसरे काही त्याला धरून ठेवीत नव्हते. इथे चिंचवडात ज्याच्यावरून एका माणसाचे नाव गेले, तो तिकडे चाकणला दोन वर्षे चहाबरोबरचा विनोद होता.

मी मनाला फसवणार नाही. सारख्या वजनातही दादा हरला असता, असे मला वाटते. वयात फार अंतर होते. पण तो हात चालवून हरला असता, आणि लोक म्हणाले असते, म्हातारा वाघ होता.

रविवारी मी घरी जाऊन त्याला सगळे सांगितले. तो ओट्यावर आरसा ठेवून दाढी करत होता. त्याने वस्तरा थांबवला नाही.

"पहिल्या मिठीत कळलं होतं मला," तो म्हणाला.

"काय?"

"अंग जड आहे ते. इतकी वर्षं माणसं अंगावर घेतली, मास्तर. काटा नाही लागत त्याला."

"मग बोलला का नाहीस?"

"वजनाचा हट्ट कोणाचा होता? माझाच. आता मीच म्हणू, वजन चुकलं?" त्याने गाल पुसला. "तू चिटणिसाकडे जाशील, चिटणीस मापाड्याकडे जाईल. लोक काय म्हणतील? दोन वर्षं शोधून शोधून कारण आणलं. राहू दे." मग थोड्या वेळाने, जणू एवढीच गोष्ट महत्त्वाची होती, "त्या पोराचा उजवा कच्चा आहे. पाय लावत नाही. कोणीतरी सांगायला पाहिजे त्याला."

वहिनी आत मशीनवर बसली होती. मशीन थांबले होते. तिने ऐकले होते, पण ती बाहेर आली नाही.

त्याच पावसाळ्यात दादा काविळीने गेला. त्या लढतीचा आणि काविळीचा संबंध लावायचा मी फार प्रयत्न केला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले, काही संबंध नाही. मला तेही दिलासा म्हणून घेता आले नाही. तिरडीबरोबर किती माणसे होती ते मी मोजले नाही. मिस्त्री शेवटपर्यंत खांदा बदलत नव्हता, एवढे आठवते.

अग्नी मी दिला होता. सुतक फिटायच्या आधीच मी सायकल काढली.

"कुठं निघालात, भाऊजी?" वहिनीने विचारले. "सुतकात दारोदार जातात का?"

"महाळुंग्याकडे."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि वाटेतून बाजूला झाली. "सांगा त्याला," ती म्हणाली. "एकदा लोकांसमोर बोल म्हणावं. मला दुसरं काही नको."

पोरगा वखारीत कांदा निवडत बसला होता. पावसाळ्यात कुजक्या कांद्याचा वास घरभर असतो. मला सुतक, म्हणून मी आत गेलो नाही. तोच हात पुसत अंगणात आला. दादा गेल्याचे त्याला कळले होते. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता.

"कडता कापला होता, हे तुला तेव्हा माहीत होतं?" मी विचारले.

तो जरा हसला, मग हसू आवरले. "मास्तर, कांदेवाल्याच्या पोराला कडता म्हाईत नसंल व्हय? पर आमी कुस्तीतली मानसं. आमच्यात कोन तोलतंय? मला वाटलं, सायबाची हौस."

"हवालदारांनी पाणी सोडून वजन उतरवलं होतं."

हे त्याला माहीत नव्हते. त्याने पायाने एक कांदा बाजूला सरकवला.

"तरी बी म्याच जिकलो असतो," तो म्हणाला.

"असतास. मी नाही म्हणत नाही. पण त्यांना लोक नुरा म्हणतात."

"म्हाईत हाय."

"दहाव्याला ये आणि जे झालं तेवढं सांग. जास्त काही नको."

त्याने तो कांदा उचलून वखारीकडे टाकला. मग म्हणाला, "येतो. सांगतो."

आणि तो आला. धुतलेले धोतर, डोक्याला फेटा. दहाव्याच्या दिवशी घाटावर पिंडदान झाले की चार माणसे मृताबद्दल चार शब्द बोलतात. ही आमच्या भागातली पद्धत. जे बोलतात ते चांगलेच बोलतात. ज्याने जन्मभर शेजाऱ्याचा बांध कोरला त्यालाही त्या दिवशी परोपकारी म्हणतात. मंडळाचे अध्यक्ष बोलले, डेपोतला एक माणूस बोलला. मग तो पायरीवर उभा राहिला.

"हवालदार माज्यापरीस मोटं," तो म्हणाला. "त्या दिशी माजं वजन जास्ती हुतं. चाकनच्या काट्यावर कडता कापून धरलं हुतं, आन् मला त्ये म्हाईत हुतं. हवालदार पानी सोडून उतरलं हुतं. त्येंच्या अंगात काय उरलंच न्हवतं. लोक नुरा म्हंत्यात, त्ये खोटं हाय. मी हितं शपत घेऊन सांगतो."

तो खाली बसला. याहून सरळ, याहून पुरे कोणी बोलले नसते. मी लोकांच्या तोंडांकडे पाहत होतो.

अध्यक्षांनी डोळे टिपले. "पाहा," ते म्हणाले, "याला म्हणतात मोठं मन. जिंकलेला असून कमीपणा आपल्याकडे घेतो. असा खेळाडू गावाला मिळायला भाग्य लागतं."

लोकांनी माना हलवल्या. माझ्या मागे कोणीतरी हळूच म्हणाले, "मेलेल्या माणसाची लाज राखली पोरानं."

मी उठलो. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. वर्गातसुद्धा मी हळू बोलतो. "हा कमीपणा नाही," मी म्हणालो. "हे घडलेलं आहे. चाकणला जा आणि मापाड्याला विचारा."

"मास्तर, बसा," अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "दुःख आहे, आम्हाला समजतं."

पोरगा माझ्याकडे पाहत होता. मी मागितले ते त्याने दिले होते, आणि आता त्याचे काय करायचे ते त्याला कळत नव्हते. माणसे त्याच्याभोवती जमली. महिन्याभरात मंडळाने त्याला बोलावून मुलांचा वर्ग सुरू केला, चिंचेखालीच. वर्गाला दादाचे नाव दिले.

तेव्हापासून गोष्ट अशी सांगतात: हवालदार बिचारा अडचणीत होता, घेतले असतील थोडे पैसे, पण जिंकलेल्या पोराने दहाव्याला किती सांभाळून घेतले. पूर्वी संशय होता. आता त्याला साक्षीदार मिळाला, आणि तो साक्षीदार मीच जाऊन आणला होता.

तेराव्यानंतर वहिनी पहिल्यांदा पाण्याला गेली. परत आली तेव्हा घागर भरलेली होती. तिने ती खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बिचारी म्हणून बायकांनी मला रांगेत पुढं घेतलं. भाऊजी, आता कोणाला काही सांगायला जाऊ नका."

मी म्हणालो, "नाही जात."